दोर तुटला तर?

काही वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. आमचा भाचा पुण्यात बारावीला शिकत होता. एके रविवारी त्याने आपाला, म्हणजे आमच्या मोठ्या बहिणीला, कळमनुरीला फोन केला. "अम्मी, एका फॉर्मवर तुमची सही पाहिजे." कसला फॉर्म, तर ग्लायडर शिकण्याचा. मुलाला अठरा पूर्ण व्हायला सात महिने बाकी होते, म्हणून पालकांची संमती हवी होती. ग्लायडर म्हणजे इंजिन नसलेले विमान, हे त्याने सांगितले. ते वर कसे जाते, हे आपाने विचारले. त्याने खरे ते सांगून टाकले, "दोराने ओढतात, अम्मी. पतंगासारखे."

दुसऱ्या दिवशी दुपारी आपा आमच्या घरी हजर. हातात घडी घातलेला फॉर्म. चहाला हातही न लावता त्यांनी एकच प्रश्न विचारला, "दोर तुटला तर?"

आमच्या घरात हा प्रश्न साधा नाही.

विहिरीवरचा दिवस

आपाच्या सासरी, कळमनुरी तालुक्यातच, पंधरा-सोळा वर्षांपूर्वी विहिरीचे काम निघाले होते. हळदीला पाणी कमी पडत होते. हिंगोली जिल्ह्यातल्या कोणत्याही शेतकऱ्याला विचारा, हळद पाण्याशिवाय उभी राहत नाही. यारी लावली होती. खाली तीन माणसे दगड भरत, वर यंत्र वायर रोपने बकेट ओढून घेई. आपाचे धाकटे दीर काठावर उभे राहून बकेट बाजूला वळवण्याचे काम करत होते. पाचव्या दिवशी असरच्या सुमाराला रोप तुटला. बकेट खाली गेली. खालची माणसे कपारीला टेकून बसली होती, अल्लाहच्या मेहरबानीने ती वाचली. पण तुटलेला रोप चाबकासारखा उलटा फिरला आणि काठावरच्या दीरांच्या उजव्या पायाला लागला. पाय गुडघ्याखाली कापावा लागला. आज ते किराणा दुकान चालवतात, हसतात, बोलतात, पण विहिरीच्या बाजूला जात नाहीत.

त्या दिवसाबद्दल आम्ही नंतर पुष्कळ वेळा बोललो. रोप जुना होता, तारा उसवल्या होत्या, हे सगळ्यांनी पाहिले होते. पण "हा तुटला तर कोण कुठे असेल, कोणी काय करायचे" हा प्रश्न पाच दिवसांत एकानेही विचारला नव्हता. सगळ्यांची भिस्त एकाच गोष्टीवर होती, की तो तुटणार नाही.

म्हणून आपाच्या प्रश्नाला "काही होत नाही हो" असे उत्तर देण्याची आमची हिंमत झाली नाही. आम्ही दोघांनी ठरवले, आपाला घेऊन पुण्याला जायचे, डोळ्यांनी पाहायचे, विचारायचे, आणि मगच सहीचे बोलायचे. फॉर्म आपाच्या पर्समध्ये कोराच राहिला.

हडपसरचे मैदान

पुण्यात हडपसरला, सासवड रस्त्याला लागून, भारत सरकारच्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे ग्लायडिंग सेंटर तेव्हा होते. चारही बाजूंनी शहर वाढत आलेले आणि मध्ये हे मोकळे गवताचे मैदान. आम्ही पोहोचलो तेव्हा एका टोकाला पांढरे, लांब पंखांचे ग्लायडर उभे होते. पंखांची लांबी पाहून आपा म्हणाल्या, "हे तर आपल्या अंगणात मावणार नाही." दुसऱ्या टोकाला, नजर ताणावी लागेल इतक्या दूर, विंच होते. विंच म्हणजे दमदार इंजिन आणि त्याला जोडलेले मोठे रीळ. रिळावरची केबल मैदानभर पसरून ग्लायडरच्या पोटाखालच्या हुकाला अडकवतात. इशारा मिळाला की विंचवाला रीळ फिरवतो, केबल गुंडाळली जाते, आणि ग्लायडर तीन-चार सेकंदांत जमीन सोडते.

लहानपणी आपण मैदानात पतंग घेऊन पळायचो, तसाच हा प्रकार. फरक एवढाच की पळणारा जागेवर उभा असतो आणि दोर गुंडाळतो. ग्लायडर नाक वर करून, जवळजवळ पंचेचाळीस अंशांत चढते. अर्ध्या-पाऊण मिनिटात हजार फुटांच्या आसपास पोहोचते. तिथे वैमानिक पिवळी मूठ ओढून केबल सोडून देतो. पुढे सगळा कारभार हवेच्या भरवशावर. शिकाऊ ग्लायडरसुद्धा एक मीटर खाली येताना पंचवीस-तीस मीटर पुढे सरकते. म्हणजे हजार फुटांवरून, वारा शांत असेल तर, सात-आठ किलोमीटर जाता येते. खालून तापलेली हवा वर चढत असली, घारी घिरट्या घालतात तशी, तर तिच्यावर बसून तासन् तास वर राहता येते.

आपल्या देशाने ही विमाने स्वतः तयार केली आहेत, हेही आम्हाला तेव्हा वाचनात आले. नागरी विमान वाहतूक खात्याच्या दिल्लीतल्या तांत्रिक केंद्रात ग्लायडर तयार झाली. त्यांची नावे होती अश्विनी, भरणी, कार्तिक, रोहिणी, मृगशीर्ष, आर्द्रा. रोहिणीत शिकणारा आणि शिकवणारा शेजारी-शेजारी बसत आणि तिने 1961 साली पहिली भरारी घेतली. हे ऐकून दूल्हाभाई फोनवर हसले. म्हणाले, "म्हणजे रोहिणी, मृग, आर्द्रा फक्त पेरणीच्याच कामाच्या नाहीत तर!"

तुटावी म्हणूनच ठेवलेली कडी

प्रशिक्षक साहेब मध्यम वयाचे, कमी बोलणारे गृहस्थ होते. आपाने सलाम-दुआ झाल्याबरोबर आपला प्रश्न विचारला. आम्हाला वाटले ते हसतील, किंवा "घाबरू नका, बहेनजी" म्हणतील. ते म्हणाले, "तुटतो. अधूनमधून तुटतोच. तुटणार नाही असे मी तुम्हाला सांगणार नाही."

मग त्यांनी आम्हाला केबलच्या टोकाशी नेले. केबल आणि ग्लायडर यांच्या मध्ये एक छोटी लोखंडी पट्टी होती, दोन्ही बाजूंना भोके असलेली. त्यांनी ती आपाच्या हातात दिली. म्हणाले, "ही मुद्दाम कमजोर ठेवलेली कडी आहे. ताण जास्त झाला तर केबल नाही, ग्लायडरचा पंख नाही, ही तुटली पाहिजे." या कड्या रंगावरून ओळखतात. काळी सुमारे एक हजार किलोच्या ताणाला तुटते, तपकिरी साडेआठशे, लाल साडेसातशे, निळी सहाशे, पांढरी पाचशे. प्रत्येक जातीच्या ग्लायडरला कोणत्या रंगाची कडी लावायची, ते ते बनवणाऱ्याने ठरवून दिलेले असते. हलक्या ग्लायडरला जड कडी लावणे म्हणजे घरातला फ्यूज उडतो म्हणून त्याच्या जागी जाड तार बांधण्यासारखे. फ्यूज उडणार नाही, पण घर पेटेल.

आपा ती कडी बराच वेळ हातात फिरवत होत्या. विहिरीवर अशी कोणतीही कडी नव्हती, हे त्यांच्या मनात आले असावे. आमच्या मनात तरी आले.

कडीशिवायही केबल तुटू शकते. मैदानात घासून पोलादी तारा झिजतात, गाठ कमजोर होते. म्हणून उडण्याआधी केबल तपासतात, खराब तुकडा कापून टाकतात. आता बऱ्याच देशांत पोलादाऐवजी हलका पण अतिशय मजबूत कृत्रिम धाग्याचा दोर वापरतात. पण कोणताही दोर कधीतरी तुटणारच, हे धरूनच सगळी शिकवण उभी असते.

पहिले दोन सेकंद

आता मुख्य गोष्ट. चढत असताना केबल तुटली तर काय होते?

ग्लायडरचे नाक आकाशाकडे आहे. वेग ताशी शंभर-एकशे दहा किलोमीटर. ओढणारी ताकद एका क्षणात नाहीशी झाली. उतारावर वर ढकललेली सायकल जशी पायडल थांबताच मंदावते, तसे ते मंदावू लागते. पंचेचाळीस अंशांच्या चढावर नाक तसेच वर ठेवले, तर दर सेकंदाला ताशी पंचवीस किलोमीटर इतका वेग कमी होतो. पंखांना उचलून धरायला किमान साठ-सत्तरचा वेग लागतो. म्हणजे दोन सेकंद गप्प बसलात, तर पंखांखालची हवा साथ सोडते. एक पंख आधी पडला तर ग्लायडर गरगरत खाली येते, आणि जमीन जवळ असेल तर सावरायला जागा उरत नाही.

म्हणून पहिले काम एकच: नाक खाली. काठी ताबडतोब आणि ठामपणे पुढे. सरळ पातळीवर आणून भागत नाही. उतरताना नाक जितके खाली असते तितके, आणि चढ जास्त असेल तर त्याहूनही थोडे अधिक खाली न्यायचे, कारण गमावलेला वेग परत मिळवायचा आहे.

दुसरे काम: थांबणे. हे सगळ्यात अवघड. नाक खाली गेले म्हणजे वेग आला असे नाही. नाक खाली दिसत असते, पण वेगाचा काटा अजून खाली असतो. काट्यावर उतरण्याचा सुरक्षित वेग दिसेपर्यंत वळायचे नाही, एअरब्रेकला हात लावायचा नाही. एअरब्रेक म्हणजे पंखातून बाहेर येणाऱ्या पट्ट्या, ज्यांनी ग्लायडर लवकर खाली उतरवता येते. वेग येण्याआधी त्या उघडल्या किंवा वळण घेतले, तर सावरलेले विमान पुन्हा पडते.

तिसरे काम: पिवळी मूठ ओढून केबलचा उरलेला तुकडा सोडून देणे. एकदा नाही, दोनदा ओढायची. तुकडा लोंबकळत राहिला तर कुंपणात, तारांत अडकेल.

चौथे काम: ठरवणे. समोर मैदान शिल्लक आहे का? असेल तर सरळ समोर उतरायचे, वळणाच्या फंदात पडायचे नाही. नसेल आणि उंची पुरेशी असेल, तर वळून छोटा फेरा घेऊन उतरायचे.

साहेबांनी मातीत काडीने रेघ ओढून दाखवले. कमी उंचीवर तुटली तर समोर उतरा, इथे प्रश्नच नाही. खूप उंचावर तुटली तर जवळजवळ नेहमीसारखाच फेरा मारून या. घोटाळा मधल्या उंचीवर असतो. समोरचे मैदान कमी वाटते आणि मागे फिरायला उंचीही कमी वाटते. त्यासाठी कोणत्या बाजूला वळायचे हे वाऱ्याची दिशा बघून उडण्याआधी ठरवलेले असते. वर गेल्यावर ठरवायला वेळ नसतो. प्रत्येक उड्डाणाआधी वैमानिक मोठ्याने बोलतो, "आज वारा अमुक बाजूने आहे. केबल खाली तुटली तर सरळ उतरेन. वर तुटली तर या बाजूला वळेन." रोज, प्रत्येक वेळी. शंभरावे उड्डाण असले तरी.

पोटात उठणारा गोळा

आम्ही विचारले, "हे चार नियम तर दहा मिनिटांत पाठ होतात. मग शिकायला इतके दिवस का लागतात?"

साहेब म्हणाले, "कारण डोके ऐकते, पण हात ऐकत नाही."

त्यांनी तीन गोष्टी सांगितल्या. नाक एकदम खाली नेले की अंग हलके होते. पाळणा वरून खाली येताना पोटात गोळा उठतो ना, तसा. नवशिक्याला वाटते, आपण पडतोय. मग तो घाबरून काठी मागे ओढतो, नाहीतर गरज नसताना आणखी पुढे दाबतो. दोन्ही चूक. पोटाचे ऐकायचे नाही. नजर समोर क्षितिजावर आणि वेगाच्या काट्यावर ठेवायची.

दुसरी गोष्ट आणखी धोक्याची. दोर फटकन तुटला तर निदान कळते तरी. पण विंचची ताकद हळूहळू कमी झाली तर? शेतातली मोटार बंद पडत नाही, पण व्होल्टेज उतरल्यावर पाण्याची धार बारीक होत जाते आणि आपण "आता वाढेल, आता वाढेल" म्हणत उभे राहतो, तसे. वैमानिक दोराच्या आशेवर नाक वर धरून राहतो आणि वेग चोरपावलांनी निघून जातो. शिकवण अशी, की वेग ठरलेल्या आकड्याच्या खाली जाऊ लागला की आशा सोडा. नाक खाली करा, दोर सोडा.

तिसरी गोष्ट जमिनीवरची. सुरुवातीच्या धावेतच एक पंख झुकू लागला आणि सरळ होत नाही असे वाटले, तर पंख गवताला टेकण्याआधी पिवळी मूठ ओढायची. पंख जमिनीत रुतला आणि दोर ओढतच राहिला, तर ग्लायडर क्षणात उलटू शकते. म्हणून धावेच्या वेळी डावा हात त्या मुठीवरच ठेवतात. आणि जमीन सोडल्यावर लगेच नाक उभे करायचे नाही. आधी सपाट, मग हळूहळू चढ. कमी उंचीवर नाक फार वर असेल आणि त्याच वेळी दोर तुटला, तर जगातला कोणताही उस्ताद ते सावरू शकत नाही.

आपाने पाहिलेले उड्डाण

त्या दिवशी एक मुलगी शिकत होती, आमच्या भाच्यापेक्षा थोडी मोठी. मागच्या जागेवर प्रशिक्षक बसले होते. आम्हाला सांगितले गेले होते की आज तिची परीक्षा आहे, पण तिला सांगितलेले नाही.

पंखाचे टोक धरणाऱ्याने हात हलवला. केबल ताठ झाली. ग्लायडर धावले, उचलले, नाक वर करू लागले. शे-दोनशे फुटांवर असेल, आणि अचानक केबल पोटाखालून सुटली. मागच्या प्रशिक्षकांनी मूठ ओढली होती. तुटल्याचा आवाज नाही, काही नाही. केबलला बांधलेली छोटी छत्री उघडली आणि ती तरंगत खाली आली. आपाने आमचा दंड इतका घट्ट धरला की दुसऱ्या दिवशी वळ दिसत होता.

ग्लायडरचे नाक खाली गेले. क्षणभर ते तसेच, जमिनीकडे बघत असल्यासारखे आले. मग सपाट झाले, पंखातून पट्ट्या वर आल्या, आणि गवतावर चाक टेकले. आमच्यापासून बरेच पुढे जाऊन ते थांबले. सगळे मिळून अर्धे मिनिटही झाले नसेल.

मुलगी उतरली तेव्हा चेहरा पांढरा पडलेला होता, पण हसत होती. आपा तिच्याजवळ गेल्या आणि विचारले, "बेटी, दोर सुटला तेव्हा तू काय विचार केलास?" ती म्हणाली, "विचार नाही केला, आंटी. विचार सकाळीच करून ठेवला होता."

तासाभराने तिला पुन्हा वर नेले. या वेळी बऱ्याच उंचीवर केबल सोडली. तिने नाक खाली घेतले, थोडी थांबली, मग वळली, छोटा फेरा घेऊन उतरली. एकट्याने उडण्याची परवानगी मिळण्याआधी प्रत्येकाला असे खालचे, मधले आणि वरचे, तिन्ही तुटणे जमावे लागते.

खाली उभ्या असलेल्यांसाठी

आपाला आणखी एक प्रश्न विचारायचा होता, तो आम्हाला माहीत होता. "रोप उलटा फिरला तर?"

साहेबांनी विंचकडे बोट दाखवले. चालवणारा जाळीच्या मजबूत पिंजऱ्यात बसतो, तुटलेली केबल अंगावर येऊ नये म्हणून. विंचवर केबल कापणारे पातेही असते. वरचा हुक काही कारणाने सुटला नाही, तर विंचवाला खालून केबल कापून टाकतो. हुकही असा बनवलेला असतो की केबल मागच्या बाजूला ओढली गेली तर तो आपोआप उघडतो. म्हणजे एक उपाय फसला तर दुसरा, दुसरा फसला तर तिसरा.

मैदानावर येणाऱ्यांसाठी नियम साधे आहेत. पसरलेल्या केबलवरून चालायचे नाही, ती स्थिर दिसत असली तरी. ती कधी ताठ होईल सांगता येत नाही. हाताने उचलायची नाही. केबलच्या रेषेत आणि छत्री पडते त्या पट्ट्यात उभे राहायचे नाही. मुलांचा हात सोडायचा नाही. कुणालाही काही चुकीचे दिसले, तर त्याने दोन्ही हात वर करून "थांबा" ओरडायचे. मग तो प्रशिक्षक असो, शिकाऊ असो की गवत कापणारा मजूर. त्याच्या ओरडण्यावर उड्डाण थांबते आणि त्याला कोणी रागावत नाही. हे ऐकून आपा पहिल्यांदा खाली बसल्या. त्यांनी नंतर सांगितले, की विहिरीवर उसवलेला रोप एका गड्याने पाहिला होता. पण मालकासमोर बोलायचे कसे, म्हणून तो गप्प राहिला होता.

उतरण्याचा विचार

परतीच्या प्रवासात आम्ही अब्बास इब्न फिरनास यांच्याबद्दल बोललो. आपल्या घरांत त्यांचे नाव अभिमानाने घेतले जाते. नवव्या शतकात स्पेनमधल्या कुर्तुबा शहरात राहणारे हे विद्वान. त्यांनी अंगाला पिसे आणि पंख लावून उंचावरून झेप घेतली आणि काही अंतर हवेत तरंगत गेले, असे सतराव्या शतकातले इतिहासकार अल-मक्करी यांनी लिहून ठेवले आहे. चंद्रावरच्या एका विवराला 1976 साली त्यांचे नाव दिले गेले, कुर्तुबातल्या पुलालाही दिले आहे. पण अल-मक्करींनी पुढेही लिहिले आहे, आणि ते आपण सहसा सांगत नाही. उतरताना इब्न फिरनास यांच्या पाठीला जबर मार लागला, कारण पक्षी उतरताना शेपटीचा उपयोग करतो, हे त्यांच्या ध्यानात आले नव्हते.

त्यांच्यानंतर हजार वर्षांनी जर्मनीतले ओटो लिलिएन्टाल यांनी स्वतः बनवलेल्या ग्लायडरवरून अनेकदा उड्डाणे केली. 9 ऑगस्ट 1896 रोजी त्यांच्या ग्लायडरचा वेग संपला, ते कोसळले आणि दुसऱ्या दिवशी वारले. वर जाण्याची हिंमत दोघांकडेही होती. वर काही बिघडले तर काय करायचे, हे शिकवणारा मात्र त्यांच्या आधी कोणी झालाच नव्हता. आज मागच्या जागेवर बसून मुद्दाम केबल सोडणारा प्रशिक्षक ही त्या दोघांच्या जखमांतून आलेली अमानत आहे.

ही अमानत नीट सांभाळली तर फरक पडतो, याचाही दाखला आहे. इंग्लंडमध्ये विंचवरून उडताना गंभीर अपघात होत राहिले, तेव्हा तिथल्या ग्लायडिंग संघटनेने 2005 पासून सगळ्या क्लबांत हेच चार-पाच नियम पुन्हा नव्याने, नेटाने शिकवायला घेतले. पंख झुकला की दोर सोडा, चढ हळूहळू घ्या, तुटला की नाक खाली, वेग येईपर्यंत वळू नका. दोर तुटणे बंद झाले नाही. पण गंभीर अपघात मात्र बरेच कमी झाले.

आपाची परीक्षा

कळमनुरीला परतल्यावर आपाने लगेच सही केली नाही. त्यांनी भाच्याला फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला. दूल्हाभाई होते, आम्ही होतो, आणि एका खुर्चीवर आपाचे ते दीरही येऊन बसले होते.

"बेटा, दोर तुटला. काय करशील?"

"अम्मी, काही होत..."

"मी ते विचारले नाही. तुटला. बोल."

क्षणभर शांतता. मग तो म्हणाला, "नाक खाली."

"मग?"

"मग वळेन."

"नाही!" हे आपा नव्हे, त्यांचे दीर ओरडले. त्यांनी आमच्याकडून सगळे दोन वेळा ऐकले होते. "आधी वेग! काटा बघ, मग बाकीचे."

आपाने फोन ठेवून दिला. तीन दिवस फॉर्म कपाटातच राहिला. चौथ्या दिवशी भाच्याचाच फोन आला. त्याने न विचारता सगळे म्हणून दाखवले. नाक खाली. वेगाची वाट. दोर सोडणे, दोन वेळा. समोर जागा असेल तर समोर. वारा कुठला, वळण कुठले, हे आधी ठरवणे. आपाने मध्येच थांबवून विचारले, "आणि दोर तुटला नाही, नुसता ढिला पडला तर?" तेही त्याला आले. मग विचारले, "आणि मन नसेल, झोप झालेली नसेल, डोके दुखत असेल, आणि दोस्त म्हणत असतील चल, तर?" तो म्हणाला, "तर नाही जाणार, अम्मी."

त्या रात्री सही झाली. आपाने फॉर्मच्या खाली नाव लिहिले, दूल्हाभाईंनी त्यांच्या बाजूला. आपा म्हणाल्या, "दुआ तर मी रोज करते. पण दुआ करणारीने विचारूही नये, असे कुठे आहे?"

आमच्या वाचक बहिणी-भावांच्या घरी ग्लायडरचा फॉर्म कदाचित येणार नाही. पण मुलगा मोटारसायकल मागेल, मुलगी दुसऱ्या शहरात शिकायला जाईल, शेतात यारी लागेल, छतावर टाकी चढवली जाईल. तेव्हा दोनच उत्तरे आपल्या तोंडी असतात, "काही होत नाही" किंवा "मुळीच जायचे नाही." या दोन्हींच्या मध्ये आणखी एक रस्ता आहे. बसून विचारायचे, की बिघडले तर पहिले काम कोणते, दुसरे कोणते, आणि "थांबा" म्हणण्याचा हक्क कोणाकोणाला आहे. उत्तर तोंडपाठ असेल तर जाऊ द्यावे. नसेल तर कागद तीन दिवस कपाटात ठेवावा.

मागच्या उन्हाळ्यात आपाच्या सासरी जुन्या विहिरीचा गाळ काढायला पुन्हा यारी आली. आपाचे दीर कित्येक वर्षांनी त्या बाजूला गेले. काठापासून लांब खुर्ची टाकून बसले. काम सुरू होण्याआधी त्यांनी सगळ्या गड्यांना जवळ बोलावले आणि विचारले, "रोप तुटला, तर कोण कुठे उभा असेल?"

नवा रोप लावूनच काम सुरू झाले.